झाडणीचं प्रात्यक्षिक

"करून दाखवा म्हणजे?" सुलोचनाकाकूंनी विचारलं.

"म्हणजे महाराजांनी तुम्हाला नेमकं कसं मारलं, ते करून दाखवा," श्यामसुंदर म्हणाले. चौकशी समितीचे अध्यक्ष ते. "नुसतं मारलं, मारलं काय? समितीला अंदाज यायला नको?"

चंदीगडच्या सेक्टर चौतीसमध्ये कोचिंग क्लासच्या डोक्यावर मराठी मंडळाचा हॉल. खाली फिजिक्सचा मास्तर माइकवर कोकलत होता. वर टेबलामागे तिघं. मधे श्यामसुंदर, एका बाजूला डॉक्टर देवदत्त, दुसऱ्या बाजूला सेक्रेटरी लीना. रविवारी महाराजांचं शिबिर सुरू होणार होतं, आणि त्यांना येऊ द्यायचं की नाही ते आज या तिघांनी ठरवायचं होतं. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत काकू एकट्या, उजवा कान पुढे करून बसलेल्या. डाव्यात आता नुसती शिट्टी वाजायची.

"झाडणी म्हणतात त्याला," देवदत्त समजूत घालत म्हणाले. "महाराज माणसाचा अहंकार झाडतात. त्यात एखादी चापट बसते. मलाही बसलीय."

"कानाचा पडदा शाबूत आहे ना पण तुमचा?" काकूंनी विचारलं.

"काकू, तुम्ही म्हणजे ना!" लीनाला हसू आलं. "गणपतीत मोदकात मिरच्या भरणाऱ्या तुम्हीच. खरं सांगा, ही पण तुमची नेहमीची गंमत नाही ना?"

घोडं इथंच अडलं होतं. शहरातल्या सगळ्या मराठी घरांत काकूंच्या खोड्यांचे किस्से. आता बाई जन्मात पहिल्यांदा गंभीर झाली, तर समोरचे तिघं ती कधी हसते याची वाट बघत बसलेले.

काकू उठल्या. "कोणावर दाखवू?"

श्यामसुंदरनी मोठ्या मनानं खुर्ची पुढे ओढली. "माझ्यावर दाखवा की."

"पक्का?"

"पक्का, पक्का. फक्त चष्मा सांभाळा."

काकूंनी त्यांचा चष्मा अलगद काढला, घडी घालून टेबलावर ठेवला, ओढणी कमरेला करकचून बांधली.

"आधी महाराज प्रेमानं विचारतात, बेटा, मन शांत आहे? तुम्ही हो म्हणा."

"हो," श्यामसुंदर हसत म्हणाले.

फाट्‌कन असा आवाज निघाला की खालचा मास्तर बोलायचा थांबला. श्यामसुंदर खुर्चीसकट आडवे. काकूंनी त्यांचे उरलेसुरले केस मुठीत धरून त्यांना वर ओढलं.

"मग असं उठवतात. मग दुसरी, त्याच कानावर. पहिलीनं अहंकार नुसता हलतो, साहेब, पडत नाही."

दुसरी बसली. मग पाठीत गुडघा. श्यामसुंदरचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, भुवई फुटली, आणि समितीच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर रक्ताचा ओघळ लागला. "आई गं!" म्हणून ते किंचाळले. देवदत्तनी काकूंना मागून कव घातली, तशा त्या लगेच थांबल्या. अगदी शहाण्या मुलीसारख्या.

"सोडा, डॉक्टर, झालं. लाथा राहिल्या, पण अंदाज आला असेल."

त्या परत आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि मग जी धावपळ उडाली ती मजेत बघू लागल्या. लीना फ्रिजकडे पळाली, मूठभर बर्फ घेऊन आली. देवदत्तनी मोबाइलची बॅटरी लावून श्यामसुंदरच्या कानात डोकावलं. पोलिसांना बोलवा, फोटो काढून ठेवा, हिला आजच्या आज मंडळातून काढा! महाराजांनी काकूंना झोडपलं तेव्हा हाच हॉल माणसांनी भरलेला होता. सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होते, आणि नंतर कुणीतरी त्यांना पेढा दिला होता.

"मारलं हो मला," श्यामसुंदर म्हणाले आणि रडायलाच लागले. साठी उलटलेला गडी, नाक ओढत रडत होता.

"पाहिलं, साहेब, आम्ही सगळं पाहिलं," देवदत्त त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "तुम्ही आता काही बोलू नका. शांत बसा."

काकूंच्या तोंडावरची मजा उतरली.

"एवढंच ऐकायला आले होते मी, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "साहेबांच्या वेळी किती पटकन जमलं तुम्हाला."

तेवढ्यात दार ढकलून लीनाची मुलगी अक्षरा आत आली. मोहालीच्या ऑफिसातून परस्पर आईला न्यायला आली होती, बाहेर जिन्यात बसून सगळं ऐकत होती. मराठी तिला सगळं कळायचं, बोलायची मात्र हिंदीत. तिनं टेबलक्लॉथवरचं रक्त पाहिलं. श्यामसुंदरकडे पाहिलं.

"अक्षू, बाहेर थांब," लीना म्हणाली.

"आंटी, आपका हो गया?"

काकूंनी मान हलवली.

"तो अब मेरी बारी." ती देवदत्तपुढे जाऊन उभी राहिली, हात पुढे केला. "अंकल, अपनी बेल्ट देना. मेरे टाइम बेल्ट थी. पिछले कैंप में."

देवदत्तचे दोन्ही हात आपोआप कमरेच्या बकलावर गेले, आणि ते एक पाऊल मागे सरले.

लीनानं श्यामसुंदरच्या कानावर धरलेला बर्फ निघाला. ते कण्हले, "लीनाताई, अहो, दुखतंय," पण लीनाला ऐकू आलं नाही. ती टेबलाला वळसा घालून आली. मुठीतून पाणी गळत होतं.

"कुठे गं?" तिनं विचारलं.

अक्षरा आईकडे पाठ करून उभी राहिली, आणि मानेवरचे केस दोन्ही हातांनी वर धरले.