दमणारी गाडी

शंभरपैकी नऊ. थर्मासमधला कोमट चहा. आईच्या माहेरचा चढ. शेजाऱ्यांची पांढरी शेळी. चार वाजता भंगारवाला जुनी डिझेल गाडी न्यायला येणार होता, म्हणून बाबांनी दुपारीच तिची मागची सीट उचलून अंगणात ठेवली. सव्वीस वर्षं ती चढावर बंद पडायची. सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत थांबलं की मुकाट्याने सुरू व्हायची. “दमते बिचारी,” बाबा म्हणायचे. “गाडी कसली दमते? तुमचा पायच जड,” पस्तिशीतला मुलगा आजही म्हणाला. “आणि माझ्या माहेरच्या चढावर तर हमखास जड होतो,” आईने री ओढली. बाबांनी सीटखालचं झाकण उघडलं, टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि डिझेल गाळणारी जाळी वर काढली. टाकीच्या तोंडातून कोणीतरी सुरळी करून आत सारलेला एक पुठ्ठा तिच्यावर घट्ट बसला होता. इंजिन चाललं की तो जाळीकडे ओढला जायचा, थांबलं की सुटायचा. बाबांनी तो पुसून उलगडला. चौथीचं प्रगतिपुस्तक. गणितात नऊ. पालकांची सही नाही. मुलगा एकदम घड्याळ बघू लागला. बाबांनी खिशातलं पेन काढलं, दोनदा गिरवून सही केली आणि प्रगतिपुस्तक त्याच्या हातात दिलं. “भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग. आणि हे उद्या बाईंना दाखव.” शेळीने प्रगतिपुस्तक खाल्लं म्हणून या घराचं शेजाऱ्यांशी सव्वीस वर्षं बोलणं नाही.