गुरुवारची दुरुस्ती

आमच्या लिनक्स या संगणक प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत कुठले प्रोग्रॅम ठेवायचे, कुठले काढायचे, यावर ब्रनोच्या ऑफिसात मीटिंग चालली होती. बोहुमिल सांभाळायचा त्या पत्त्यांच्या खेळाशी आलो, तर राडका मला म्हणाली, "हा अजून खेळतं कोण, तुझे आजोबा?" सगळे हसले आणि खेळ यादीतून गेला.

बोहुमिल दुसऱ्या शहरात, ओस्त्रावाला, घरून काम करायचा. त्याला कळवायला मी फोन केला, तर त्याच्या बायकोने उचलला.

"त्याला जाऊन दोन वर्षं झाली रे."

"अहो मावशी, गुरुवारीच त्याने खेळाच्या कोडमधली दुरुस्ती पाठवलीये."

 

"ती मी पाठवते. त्याच्या वहीत बघून शिकले. काम थांबलं की तुम्ही माणसाचं नाव यादीतून गाळता ना, म्हणून."