शेवटचा हात

हवेच्या दाबाचा काटा खाली यायला तयार नव्हता. ज्यात सूर्याच्या पोटातली आग पेटवायची ते संलयन भट्टीचं, बांगडीसारखं गोल पोकळ पोलादी भांडं आतून अगदी निर्वात हवं. पंप चार दिवस हवा उपसत होते, आणि काटा रुसलेल्या जावयासारखा अडून बसला होता. नक्की कुठेतरी माशी शिंकली होती. या भांड्यात माशी खरोखरच शिंकली असती, तरी पंपांना आठवडा पुरला नसता.

प्रमुखबाईंनी पडद्यावरचा आलेख पाहिला. "गळती नाहीये. आत काहीतरी तेलकट आहे, माणसाच्या हाताचं, त्याचीच वाफ सुटतेय. झाकण लावायच्या आधी शेवटी आत कोण होतं?"

"मीच," फिटरकाका म्हणाले. तीन महिने आत पालथं पडून त्यांनी भिंतीला नव्या फरश्या बसवल्या होत्या. भांडं उघडायची वेळ आली तर त्या सगळ्या उतरवून धुवायच्या, आणि काकांना आत पाय ठेवायला कायमची बंदी.

"हातमोजे होते ना?"

"होते की. काढले."

"काढले?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात, 'काका, झाकायच्या आधी एक शेवटचा हात फिरवून घ्या.' आता मोज्यातून कुणी हात फिरवतं का, बाई? लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला."

बाईंनी कपाळ धरलं. "अहो, मला म्हणायचं होतं, नजर टाका!"

"मग नजर म्हणायचं. टाकली असती."

कुणीतरी यंत्राआडून फिस्सकन हसलं.

"बरं. भांडं बंदच ठेवून बाहेरून तापवू, डाग उडून जातील. दोनचार फरश्या असतील तर एका दिवसाचं काम. किती फरश्यांना हात लागला?"

काका दुखावले. "कामात हयगय आपण आजवर केली नाही. अठराशे बारा. एकही सोडली नाही."

बाईंनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण ते नाकातून निसटलंच. डोळे पुसत त्यांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, उद्घाटनाच्या पाहुण्यांना दहा दिवस थोपवा. उघडायचं नाहीये, तापवायचंय. चूक? माझीच."

पलीकडून आवाज चढला.

"छे हो, काम अर्धवट कुठलं!" बाई म्हणाल्या. "जरा जास्तच झालंय."