तीन रबरं

ठमीनं बाथरूम असं आवरलं, असं आवरलं की विचारू नका! फुटकी बादली, वॉशिंग मशीनमागचे रिकामे डबे, सगळं गेलं कचरागाडीत, बाटल्यांना गुंडाळलेली रबरंसुद्धा! शांपू, तेल, फिनेल तिनं एकसारख्या पांढऱ्या बाटल्यांत ओतलं. बाबा आंघोळीला गेले, तर बराच वेळ पाण्याचा आवाजच नाही! दारामागून हाक आली, "ठमे, रबरं कुठायत गं?" "फेकली! नुसतं दुकान मांडलं होतंत." "अगं, एक रबर म्हणजे शांपू, दोन तेल, तीन फिनेल." ठमी खो-खो हसली. "बाबा, बोटभर अक्षरांत नावं लिहिलीयेत की!" बाबांनी आतून विचारलं, "लिहिलीयेत होय? कुठं?" ठमी हसायची थांबली. एवढी मोठी अक्षरंही बाबांना दिसत नव्हती. दार किलकिलं झालं, बाटली धरलेला हात बाहेर आला. "बघ, हाच ना शांपू?" फिनेल होतं. तिनं वेणीचं रबर काढलं. तीन लागणार होती, तिच्याकडे एकच.