डाव्या गालावरचा डाग

"बाई, इथं भागीरथा नावाची कोनी काम करते का? डाव्या गालावर मोठा काळा डाग हाय तिच्या."

वासुदेवरावानं हे विचारलं ते भागीरथेलाच. वर्ध्याच्या दवाखान्याच्या ओसरीत ती उकळलेल्या सुया ताटलीत मांडत होती. इतक्या वर्षांनी नवरा समोर उभा होता, आणि तिच्या तोंडाकडं सरळ पाहून तिचाच ठावठिकाणा विचारत होता.

तिनं मात्र त्याला आवाजावरूनच ओळखलं. हातातला चिमटा तेवढा थांबला.

"तुमी कोन तिचे?"

"तशी बायको होय माही. पन नांदली नाई."

लग्न बापाबापांनी ठरवलं होतं. अंतरपाट खाली आला आणि तिचा गाल पाहून वासुदेवराव एक पाऊल मागं सरला, ते सगळ्या मांडवानं पाहिलं. डोळ्याखालून जबड्यापर्यंत जन्माचा काळा डाग. तळेगावला सासरी ती महिनाभर राहिली. तेवढ्या दिवसांत नवऱ्यानं डागच पाहिला, बाई पाहिलीच नाही. मग एका सकाळी तिला बैलबंडीत बसवून माहेरी धाडलं. परत न्यायला कोणी आलं नाही. बापानं त्या घोरानं अंथरूण धरलं, तो उठलाच नाही.

बाप गेल्यावर ती नर्सचं काम शिकायला नागपूरला गेली. तिथं कातडीच्या रोगांचा एक डॉक्टर होता. धूर निघणाऱ्या बर्फाची कांडी टेकवून तो असे डाग जाळायचा. बर्फ टेकला की निखाऱ्यासारखा चटका बसे. फोड येई, खपली पडे, आणि नवी कातडी धरली की पुन्हा शेजारची जागा. वर्षभर हे चाललं. "रडावंसं वाटलं तर रड," असं डॉक्टर म्हणायचा. ती रडली नाही. प्रत्येक चटक्याला तिनं डोळ्यांपुढं एकच तोंड आणलं. एक दिवस हा गाल घेऊन त्याच्यापुढं जायचं आणि त्याला तिळतिळ जळताना पाहायचं.

आज तोच चालत आला होता, आणि त्याला काही जळतच नव्हतं.

वासुदेवराव जवळ सरकला. बाकावर बसलेल्या पागोटेवाल्या माणसाकडं त्यानं डोळ्यानं खूण केली.

"आर्वीचे सदाशिवराव हायेत ते. त्यायची पोरगी मले देऊन राह्यले. पन आता नवा कायदा झाला ना. पहिली जिती असली तं दुसरी करता येत नाई. कोनी म्हने, भागीरथा याच दवाखान्यात कामाले होती, साथीत गेली. तसंच असंन. तुमी दवाखान्याच्या बाई. तुमच्या तोंडानं सांगून देजा त्यायले, म्हंजे माहं काम होईन."

भागीरथेनं चिमटा खाली ठेवला. मेली म्हणून सांगणं सोपं होतं. एका शब्दात या माणसापासून जन्माची सुटका होती. पदराला हात पुसून ती बाकापाशी गेली.

सदाशिवराव उठून उभे राहिले. "बाई, पोरीच्या जलमाचा सवाल हाय. खरं सांगा. ती हाय का गेली?"

"जिती हाय. तुमच्यापुढं उभी हाय."

वासुदेवराव मोठ्यानं हसला. "हे? हे कशी असंन? तिचा गाल तं..."

भागीरथेनं मान वर केली. हनुवटीच्या खाली एक सुरकुतलेला चट्टा होता.

"जन्माचा डाग बर्फानं गेला. हा नाई गेला. हा बिब्ब्याचा हाय. डाग जाळाले म्हनून तुमच्या मायनं मले दाबून धरून तापलेला बिब्बा टेकवला होता, तो घसरून इथं लागला. तवा कंदील कोन धरून उभं होतं, ते सांगा यायले."

वासुदेवरावाचं हसू तोंडातच वाळलं. सदाशिवरावांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा त्या चट्ट्याकडं. खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि वळून न बघता ते मोटारस्टँडच्या वाटेला लागले.

वासुदेवराव त्यांच्यामागं गेला नाही. तो भागीरथेकडं पाहत राहिला. नाक, डोळे, कपाळ, गाल. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच. त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"भागीरथा, झालं गेलं इसर. चाल घरी."

ती सुयांच्या ताटलीकडं वळली. तसे त्यानं हात जोडले. "येत नसशीन तं नको येऊ. पन फारकत देऊन मले मोकळं तं कर. घरात चूल पेटवाले कोनी नाई. मी काय असाच मरू?"

बर्फाच्या कांडीखाली तिनं जे तोंड हजारदा डोळ्यांपुढं आणलं होतं, ते आता तिच्यासमोर होतं. तेव्हापासून मनात घोकून ठेवलेलं सगळं तिला आठवलं, पण त्यातलं काहीच बोलायची गरज उरली नव्हती.

"मी येनार बी नाई," भागीरथा म्हणाली, "अन् लवकर मरनार बी नाई."