वाळूवरचा थर

"थांब, त्या घाणीला हात लावू नकोस!" हेमांगी ओरडली, तसं इरफानचं फावडं हवेतच राहिलं.

पाणी गाळायची ही वाळूची टाकी दोघांनी मिळून बांधली होती. दर सोमवारी ते वरचा बुळबुळीत थर खरवडून वाळू लख्ख धुवायचे, आणि मंगळवारी पाण्यात हमखास जंतू सापडायचे. शेवटी वैतागून त्यांनी धुणंच सोडलं. महिनाभराने आज टाकी मोडायला आले, तर गाळलेलं पाणी तपासणीत निर्मळ!

तिने चिमूटभर थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इवलेइवले जीव वळवळत जंतू गिळत होते.

"इरफान, पाणी तर हे जीव शुद्ध करत होते रे!"

"म्हणजे दर सोमवारी आपण कामगारच हाकलत होतो," तो पुटपुटला, आणि बाळ झोपलेल्या खोलीतून निघावं तसा चवड्यांवर मागे सरकला.