तामाकोरोचा डावा गाल

लाकूड कोरणाऱ्या मशीनच्या तोंडाशी असलेली हवेची नळी पेनेमामानं पहिल्याच दिवशी फडक्यानं बांधून टाकली होती. पूर्वजाच्या तोंडावर फुंकर मारायची नसते. माणसानं नाही, आणि मशीननंही नाही. म्हणून कोरणं संपल्यावर तो ब्रश घेऊन बसला आणि तामाकोरोच्या लाकडी चेहऱ्यावरचा भुसा हलक्या हातानं झाडू लागला.

उजवा गाल झाला. डावा निम्मा झाला आणि ब्रश थांबला.

"रिपेका," त्यानं भाचीला हाक मारली. "ये, बघ. तुझ्या मशीनला मी फारच आवडलेला दिसतोय."

तामाकोरोच्या डाव्या गालावर नाकपुडीपासून कानापर्यंत दुहेरी वेटोळं होतं. त्याखाली तीन रेघा, त्यातली तिसरी मध्येच तुटलेली. हे गोंदण सबंध किनाऱ्यावर एकाच माणसाच्या गालावर होतं, आणि तो माणूस हातात ब्रश घेऊन तिच्यासमोर बसला होता.

जुन्या सभाघराला आग लागली तेव्हा या पूर्वजाचा अर्धा चेहरा जळून गेला होता. उरलेल्या फळीचं स्कॅनिंग रिपेकानंच केलं होतं. तेव्हा फळी मामानं सावरून धरली होती, अगदी गालाला लावून. जळका भाग भरून काढताना कॉम्प्युटरनं शेजारचा मामाचा गाल उचलला. तिनं तपासून घ्यायला हवं होतं. घेतलं नाही.

"मामा, भिंतीत फक्त गेलेली माणसं उभी राहतात."

"हे तू मला सांगतेस?"

"चेष्टा नको ना. जिवंत माणूस तिथे उभा केला की त्याला बोलावणं येतं म्हणतात. मी दुसरी फळी कोरते."

"कशातून? तोताराचं झाड एकच मिळालं होतं. शनिवारी पहाटे नव्या सभाघराची दारं उघडायचीत. चार कुळांची माणसं घरून निघालीसुद्धा."

त्यानं पटाशी घेतली, तुटक्या रेघेवर टेकवली, हातोडा उचलला. तो तसाच खाली ठेवला आणि स्वतःचा गाल चोळत राहिला.

"जाऊ दे. कोपऱ्यातली फळी आहे. कोण बघतंय?"

आणि शनिवारी खरंच कुणी पाहिलं नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात माणसं रडत आत आली, पूर्वजांना भेटली, पुढे सरकली. सगळ्यात मागे मेरेआना होती, पेनेची मावशी. वय नव्वद, डोळे बारा वर्षांपूर्वीच गेलेले. पेनेचं गोंदण झालं तेव्हा दोन दिवस त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. जुन्या पद्धतीनं हाडाच्या पटाशीनं कोरलेलं, बोटाला लागणारं गोंदण होतं ते.

पेनेनं तिचा हात धरून तिला भिंतीकडेनं चालवलं. ती प्रत्येक चेहऱ्यावरून बोटं फिरवायची, नाव घ्यायची, थोडं रडायची आणि पुढे व्हायची. रिपेका मागून येत होती. म्हातारीला इथूनच वळवून न्यावं, असं तिला फार वाटलं, पण ती मागेच राहिली.

"तामाकोरो," मेरेआना म्हणाली. बोटं उजव्या गालावर होती.

मग बोटं डावीकडे गेली. वेटोळ्यावरून फिरली, एक एक रेघ खाली उतरली आणि तिसरीवर, ती तुटते तिथे, थांबली.

म्हातारीनं लाकडावर कपाळ टेकलं आणि टाहो फोडला. मयतापाशी फोडतात तोच. "पेने, माझ्या लेकरा, माझ्या आधी कसा रे गेलास?"

"मावशी," पेने म्हणाला. "मी इथे आहे. तुझा हात मीच धरलाय ना."

तिनं हात झटकला.

"कोण आहेस रे बाबा? थांब जरा. पेनेशी बोलतेय मी."